बटणावरचा सोडा आणि कराचं कोडं : पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या सोडा शॉपमध्ये दिसणारं स्टीलचं यंत्र आता कुणाला नवं राहिलेलं नाही. विकणारे त्याला '८+२', '१२+२' अशा नावांनी ओळखतात. पहिला आकडा चवींचा आणि '+२' म्हणजे साधा सोडा व थंड पाणी. जिरा, मसाला, लिंबू, काला खट्टा, कोकम, जे बटण दाबाल ते ग्लासात. ही '८' आणि '+२' यांची फोड फक्त विक्रेत्याच्या सोयीची असं वाटतं, पण जीएसटीच्या कागदावर तीच सगळ्यात महागडी ठरते.

यंत्राचा फार जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. नाणं टाकलं की ठरावीक पाणी देणारं यंत्र अलेक्झांड्रियात पहिल्या शतकातच वर्णिलेलं आहे. पाण्यात वायू मुरवण्याचा प्रयोग १७६७ चा, आणि गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट १८७२ चं. परदेशी कोला १९७७ मध्ये देशातून गेला आणि १९९३ मध्ये परतला. त्यानंतर थिएटरांत आणि मोठ्या हॉटेलांत फाउंटन मशिनं आली. त्यांत साधारण पाच भाग सोडा आणि एक भाग सिरप नळाच्या तोंडाशीच एकत्र येतात. २००९ मध्ये एका अमेरिकन कंपनीने शंभरावर पेयं देणारं यंत्र चाचणीला काढलं. त्यातलं थेंबाथेंबाचं मोजमाप औषधाच्या मात्रा देणाऱ्या उपकरणांवरून घेतलं होतं. ते यंत्र आपल्या गल्लीपर्यंत आलं नाही. आपल्याकडे आलं ते त्याचं साधं, दणकट आणि खिशाला परवडणारं देशी भावंड.

त्याची रचना अवघड नाही. पाणी आधी चिलरमध्ये गार होतं, कारण गार पाण्यात वायू जास्त मुरतो. मग कार्बोनेटरमध्ये दाबाखाली सिलिंडरमधला कार्बनडायऑक्साइड वायू त्यात मिसळतो. बटण दाबलं की व्हॉल्व्ह ठरावीक वेळ उघडा राहतो आणि तेवढंच सिरप खाली येतं. चव बिघडली तर बहुतेक वेळा दोष रेग्युलेटरचा नाहीतर पाणी पुरेसं गार न झाल्याचा, सिरपचा क्वचितच. आपल्या भागाला या वायूची ओळख वेगळ्या वाटेनेही आहे. मळी आंबवून अल्कोहोल काढताना जवळजवळ अल्कोहोलच्याच वजनाइतका कार्बनडायऑक्साइड सुटतो. तो पकडून शुद्ध केला की शीतपेयांना चालतो. उसाच्या या जिल्ह्यात कच्चा माल कशाचा कमी नाही.

मिश्रणाची यंत्रं रंगाच्या दुकानांतही दिसतात. पांढऱ्या बेसमध्ये संगणकाने सांगितलेले थेंब टाकून हवी ती छटा काढून देणारी. तिथे दराचं असं कोडं नाही. रंग ही वस्तूच आहे आणि जुलै २०१८ पासून तिच्यावरचा दर २८ वरून १८ टक्के झाला, संपलं. खेडोपाडी नाणं टाकून चालणारी शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत. तिथेही पाणी ते पाणीच.

सोड्याचं तसं नाही. कराच्या यादीत साखर किंवा चव नसलेला सोडा एका शीर्षकाखाली येतो, चव घातलेला दुसऱ्या. पहिल्यावर १८ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. दुसऱ्यावर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता, त्याच तारखेपासून सरळ ४०. बोजा तोच, फक्त नाव एक झालं. म्हणजे एकाच यंत्रातले आठ नळ एका दराचे आणि नववा दुसऱ्या. कोकमाचं तर आणखी गमतीचं. कोकम सरबत फळाच्या रसाचं पेय म्हणून १२ टक्क्यांत होतं, आता ५ मध्ये आहे. त्यातच वायू सोडला की ४०. 'यात फळाचा रस आहे' ही पळवाट १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद झाली, कारण फळांच्या रसाची वायुयुक्त पेयंही तेव्हापासून वरच्या दरात नोंदली गेली.

पण हे सगळं दुकानदार 'वस्तू' विकतो असं धरलं तर. जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात खाद्य किंवा पेय वाढून देणं ही सेवा मानलेली आहे, आणि उपाहारगृहाच्या सेवेवर दर ५ टक्के. मग काउंटरवर उभं राहून प्यायलेला ग्लास ४० चा की ५ चा? या सेवेच्या व्याख्येत उपाहारगृह, खाणावळ, मेस, कँटीन असे शब्द आहेत. जिथे खायला काहीच मिळत नाही ते सोडा शॉप त्यात बसतं का, यावर खल होऊ शकतो. आइस्क्रीम पार्लरच्या बाबतीत ऑक्टोबर २०२१ मध्ये खुलासा निघाला की ती तयार माल विकतात, तिथे कुठल्याही टप्प्यावर शिजवणं नाही, म्हणून ते उपाहारगृह नव्हे, दर तेव्हा १८ टक्के. सोड्याला हा न्याय लावायचा तर अर्धाच लागतो. शिजवणं सोडा शॉपमध्येही नाही. पण माल तयारही नाही, तो ग्लासातच तयार होतो. माझ्या मते तराजू सेवेकडे झुकतं. लिंबू पिळून, मीठ टाकून हाताने सोडा करून देणाऱ्याला कुणी कधी 'उत्पादक' म्हटलं नाही. तेच काम व्हॉल्व्हने केलं म्हणून माणूस कारखानदार होतो, हे पटणं कठीण.

'उत्पादक' ठरण्याची किंमतही मोठी आहे. छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची जी सवलत योजना आहे, तिच्यातून वायुयुक्त पेयांच्या उत्पादकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून वगळलं आहे. उलट सेवा म्हटलं की नोंदणीची मर्यादा खाली येते. फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. म्हणजे दुकानदाराला दर हवा सेवेचा आणि मर्यादा हवी वस्तूची. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हा प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारला नाही, कारण गल्ला रोख होता. फोनवरून पैसे यायला लागले आणि हिशेब आपोआप लिहिला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये कर्नाटक राज्याच्या करखात्याने २०२१-२२ पासूनचे यूपीआय व्यवहार पाहून बेकऱ्या, चहाची दुकानं, फुटकळ विक्रेते यांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला सुमारे २९ लाखांची नोटीस गेली, तीही भाजीवर कर नसताना. अनेकांनी क्यूआरचे कागद काढून 'फक्त रोख' लिहिलं. २५ जुलैच्या बंदची हाक होती. बेंगळुरूतल्या बैठकीत जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण नोंदणी करा, असं आश्वासन मिळालं आणि बंद मागे घेतला गेला. कायदा देशभर एक असला तरी या खात्याची हद्द सीमेवरच्या कोगनोळीला संपते. पलीकडे महाराष्ट्रातल्या कागलच्या दुकानदाराला ही बातमी होती, निपाणीच्या दुकानदाराला धास्ती.

सीमाभागात त्यात आणखी एक खर्च आहे. कर्नाटकच्या भाषाविषयक कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, आणि मराठी गिऱ्हाइकांच्या गल्लीतल्या सोडा शॉपनाही पाट्या बदलण्याशिवाय पर्याय राहिला नाही. यंत्राच्या बटणांवरचे कंपनीचे स्टिकर मात्र बहुधा इंग्रजीच असतात, त्यांना कुणी हात लावलेला नाही.

थकबाकी माफ झाली, पण नोंदणी करायला जाणाऱ्याला अर्जात आपल्या मालाचा किंवा सेवेचा कोड भरावा लागतो. चवीच्या सोड्याचा २२०२, साध्या सोड्याचा २२०१, उपाहारगृहाच्या सेवेचा ९९६३. त्यांपैकी कुठला भरायचा, हे त्या आश्वासनात आलं नव्हतं.