भरलेलं तळं पूर अडवत नाही

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे तळ्यांत जेसीबी उतरले की हमखास ऐकू येतं, "तळं खोल झालं, आता वस्तीत पाणी शिरणार नाही." गाळ काढल्यानं साठा वाढतो, हे खरंच. पण पुराचं गणित वेगळं. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं त्या पातळीच्या खाली कितीही खणा, चांगल्या पावसाच्या साली ती जागा ऑगस्टपर्यंत भरलेली असते. पूर मावतो फक्त त्या दिवशीच्या पाण्याच्या वर राहिलेल्या रिकाम्या जागेत.

आकडे मांडू. १ चौरस किलोमीटर दाट वस्तीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला. पत्रे, डांबर, काँक्रीटवरून त्यातलं ७० टक्के वाहून आलं तर ३५,००० घनमीटर झालं. नाला २ मीटर रुंद, १ मीटर खोल, पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे तासात तो १०,८०० घनमीटर नेईल. उरलेले सुमारे २४,००० घनमीटर काठावरच्या घरांत शिरतील. ४ हेक्टरांच्या तळ्यात ६० सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर तेवढंच पाणी तिथं मावतं.

ही जागा मोकळी राहते दोन बांधकामांमुळे. नाल्याच्या काठात, वस्तीच्या वरच्या अंगाला, बाजूचा सांडवा हवा. नाला भरत आला की वरचं पाणी त्यावरून तळ्यात पडतं. दुसरं, तळ्याच्या खालच्या टोकाला भिंतीत, पाणी परत नाल्यात सोडणारी उभी खाच हवी. तिचा तळ तळ्याच्या नेहमीच्या पातळीवर, म्हणजे पूर्ण भरल्या पातळीच्या ६० सेंटिमीटर खाली. १ मीटर रुंदीच्या खाचेतून ४ हेक्टरांवरचं हे पाणी साधारण एका दिवसात १० सेंटिमीटरांवर येतं. पाणी उतरतं तसा वेगही घटतो, म्हणून शेवटचे १० सेंटिमीटर रेंगाळतात. खाच अरुंद केली तर दुसऱ्या दिवशीच्या पावसाला जागा उरत नाही. नाला तुडुंब असताना पाणी उलटं येऊ नये म्हणून बाहेर झडप लागते. तिच्यात प्लास्टिक आणि जलपर्णी अडकते, म्हणून आत जाळी हवी आणि पावसाळ्यात ती रोज झाडावी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती हौस. नौकाविहारासाठी तळं काठोकाठ दिसावं म्हणून खाचेत २० सेंटिमीटर काँक्रीट भरलं, की ४ हेक्टरांवर ८,००० घनमीटर जागा गेली. ते पाणी खालच्या घरांकडे जातं. तळं भरल्यावर ओटी भरणं, जलपूजन करणं श्रद्धेनं होतं. पण पुराच्या दृष्टीनं तोच दिवस सर्वांत धोक्याचा असतो. पूर हा कुणाचा कोप नाही, पातळ्यांचा हिशोब आहे.

"पाणथळ जागा स्पंजासारखी पाणी शोषते" हेही खानदेशात जपून बोलावं. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण भिजून फुगतात. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा जूनचा पाऊस पितात. ऑगस्टपर्यंत त्या मिटतात आणि माती जवळपास पाणी घेईनाशी होते. पाणकणीस, म्हणजे पाणथळीत वाढणारं उंच गवत, पाण्याचा वेग कमी करतं, गाळ बसवतं, सांडपाण्याची घाण थोडी घटवतं. शोषणाचं काम मात्र त्याच्याकडून होत नाही. आणि शहरातलं तळं नदीचा पूरही पेलत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेलं पाणी डोंगरातलं होतं.

नाल्याकाठी घर बांधणारा तिथं स्वस्त जागा म्हणून येतो. ओटा वीतभर, दादर ज्वारीची कोठी जमिनीवर, कागदपत्रं पेटीत. ३० सेंटिमीटर पाणी शिरलं की वर्षाचं धान्य जातं. म्हणून तळ्याचं काम चालू असतानाच वस्तीनं मोजणी करून घ्यावी. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरावी, बुडबुडे राहू देऊ नयेत. एक टोक नाल्याच्या बाजूच्या सांडव्यावर, दुसरं सांडव्याजवळच्या घराच्या उंबऱ्यावर. दूरच्या घरांसाठी टप्प्याटप्प्यानं पातळी पुढे न्यावी आणि भिंतींवर खूण करावी. नाल्याचा उतार धरूनही सांडव्याचा माथा जवळच्या उंबऱ्यापेक्षा किमान ३० सेंटिमीटर खाली हवा. तो वर निघाला, तर काँक्रीट ओतण्याआधीच काम थांबवायला सांगावं.