बार्शी आत, धाराशिव बाहेर : मराठवाड्याच्या वनस्पतींची नोंद उशिरा का झाली

वनस्पतिशास्त्र विभागात नवा आलेला विद्यार्थी रानातलं रोपटं ओळखायला बहुधा कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेला ग्रंथ (१९०१-०८), काढतो. त्यात बार्शी आहे, शेजारचं धाराशिव नाही. बालाघाटाचे डोंगर तेच, मुरूमही तोच, पण हद्द निजामाची. गॅम्बलचा मद्रासचा फ्लोराही (१९१५-३६) इकडे फिरकत नाही. निजामाच्या मुलखाचा १९११चा पार्ट्रिजचा फ्लोरा होता, पण तो वनखात्याच्या कामाचा. झाडंझुडपं त्यात सापडतात, पावसाळी तणं-गवतं नाहीत. आणि मराठवाड्यात वैविध्य आहे ते त्यातच.

इथल्या कॉलेजांची संलग्नता हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं, तेव्हा कुठे जवळच्या जवळ नमुने जमवायची सोय झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याचा फ्लोरा १९७९चा, अख्ख्या मराठवाड्याचा १९९८चा. म्हणजे कुकनंतर नव्वद वर्षांनी.

वेळ लागतो तो हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला. फूल आणि फळ दोन्ही असलेली फांदी घ्यायची, नमुन्याचा फील्ड नंबर तिथेच बांधायचा. फुलाचा रंग लगेच टिपायचा, वाळल्यावर तो कळत नाही. नमुना टिपकागदांत घालून प्रेसमध्ये दाबायचा, टिपकागद २४ तासांनी बदलायचा. पानं तेव्हा मऊ असतात, म्हणून दोन-तीन पानं उलटून पाठ वर आणायची ती याच वेळी, नंतर ती तुटतात. पुढे आठ-दहा दिवस रोज कागदबदल. गंमत अशी, की बहुतेक रोपं फुलतात ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि बुरशीही तेव्हाच. मग कागद दिवसातून दोनदा. रानकांद्यासारखे कंद तर प्रेसमध्येही फुटत राहतात, ते आधी उकळत्या पाण्यात बुडवावे लागतात.

कीड लागू नये म्हणून लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण २५ ग्रॅम मर्क्युरिक क्लोराईड घालून नमुना त्यात बुडवायचा. हे जहाल विष आहे. हातमोजे हवेतच, आणि ट्रे-चिमटा प्लास्टिकचा, कारण ते रसायन धातूला खातं. शेवटी नमुना ४२ × २८ सेंमीच्या कागदावर, म्हणजे शीटवर, लावायचा, उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबल.

जुन्या शीटवर घोळ होतो तो लेबलाचा. १९७९च्या पुस्तकातलं ‘उस्मानाबाद’ म्हणजे आजचा लातूरही, कारण तो जिल्हा १९८२ साली निघाला. ‘औरंगाबाद’ लिहिलेली शीट जालन्याची असू शकते (१९८१), ‘परभणी’ लिहिलेली हिंगोलीची (१९९९). त्यावर आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नवी नावं. जिल्ह्यावर विसंबून नकाशावर ठिपका टाकला की तो हमखास चुकतो. गाव, तालुका आणि गोळा केल्याची तारीख आधी वाचायची. नव्या शीटवर अक्षांश-रेखांशही लिहायचे.