हीथ्रो ते स्किफोल : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

लंडनचा हीथ्रो आणि ॲम्स्टरडॅमचा स्किफोल या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ३७० किलोमीटर, म्हणजे २०० सागरी मैल आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. केएलएम कंपनीचे पहिले उड्डाण १७ मे १९२० रोजी याच शहरांदरम्यान झाले. त्या वेळी लंडनचा विमानतळ क्रॉयडन होता.

ताशी ८३० किलोमीटर वेगाने हे अंतर २७ मिनिटांत संपते. वेळापत्रकात मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ असतो, कारण तिथली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत विमान साधारण ४५ ते ५० मिनिटे असते. हीथ्रोवर बहुधा पश्चिमेचा वारा असल्याने विमान पश्चिमेकडे तोंड करून उडते आणि मग वळसा घेऊन पूर्वेला लागते. चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते, त्यामुळे पूर्ण वेगाचा टप्पा फारच थोडा मिळतो.

वाऱ्याचा परिणाम इथे लोकांना वाटतो तेवढा नसतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर वरच्या हिशेबाने २४ मिनिटे लागतील, समोरून असेल तर ३०. खरा वेळ जमिनीवर जातो. स्किफोलची पोल्डरबान ही २००३ साली सुरू झालेली ३,८०० मीटरची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की तिथे उतरल्यावर गेट गाठायला १० ते २० मिनिटे लागतात. जवळची धावपट्टी मिळाली तर तेवढा वेळ वाचतो.

परतीच्या फेरीत हीथ्रोची गर्दी आडवी येते. तिथे दोनच धावपट्ट्या आहेत आणि त्या जवळजवळ पूर्ण भरलेल्या असतात. ॲम्स्टरडॅमहून येणारी विमाने बहुधा लॅम्बोर्न इथे घिरट्या घालत थांबवली जातात. एक फेरी सुमारे ४ मिनिटांची. धुक्यात दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते, मग उशीर साचत जातो. निघण्याआधीच गर्दी दिसत असेल तर विमानाला उड्डाणाची ठरीव वेळ दिली जाते. त्या वेळेच्या ५ मिनिटे आधीपासून १० मिनिटे नंतरपर्यंत उडावे लागते. ती संधी हुकली की नवी वेळ मागावी लागते.

वेळापत्रक वाचताना एक चूक हमखास होते. ॲम्स्टरडॅम लंडनपेक्षा वर्षभर एक तास पुढे असते आणि दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात. म्हणून सकाळी १० ला हीथ्रोहून निघून १२.२० ला पोहोचणारे आणि १० ला स्किफोलहून निघून १०.२० ला पोहोचणारे विमान, दोन्ही १ तास २० मिनिटांचीच आहेत. पुढचे विमान पकडायचे असेल तर हा हिशेब आधी नीट करावा.

उशिराच्या भरपाईतही अंतर मोजले जाते. युरोपीय नियमानुसार १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात ३ तास किंवा अधिक उशिराने पोहोचल्यास २५० युरो मिळतात. वादळासारखे असाधारण कारण असेल तर मिळत नाहीत. ॲम्स्टरडॅम–लंडन–मुंबई असे एकाच आरक्षणाचे तिकीट असेल, तर अंतर ॲम्स्टरडॅम ते मुंबई असे सरळ धरतात. ते ३,५०० किलोमीटरच्या वर असल्याने रक्कम ६०० युरोपर्यंत जाते. म्हणून दोन सुटी तिकिटे काढण्यापेक्षा एकच आरक्षण ठेवावे.