चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चांदीच?

‘जुन्या दागिन्याला चुंबक चिकटला नाही तर तो चांदीचाच’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धी गोष्ट खरी आहे: चांदीला चुंबक चिकटत नाही. पण तांबं, पितळ, ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. बेळगाव-निपाणीकडे मोडीत मिळणारी जोडवी, पैंजणं बरेचदा जर्मन सिल्व्हरची असतात. त्यात तांबं, जस्त, निकेल असतं; चांदी शून्य. (निकेल काहींच्या त्वचेला खाजतं, कानातलं करताना जपा.)

घरीच बघा. डिजिटल काट्यावर दागिन्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, दागिना दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. दिसेल त्या आकड्यानं वजनाला भागा, की धातूची घनता मिळते. 925 चांदी (म्हणजे 92.5 टक्के चांदी) साधारण 10.3 देते, पितळ, जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास. पोकळ घुंगरांना मात्र हा हिशेब लागू नाही.