शेत पलीकडे, रेशनकार्ड अलीकडे: मोझांबिकच्या निर्वासितांची परतवाट

मलावी या चिंचोळ्या देशात देड्झाहून न्चेऊकडे जाणारा हमरस्ता काही अंतर थेट सीमेवरूनच धावतो. डांबराच्या एका कडेला मलावी, दुसऱ्या कडेला मोझांबिकचा तेते प्रांत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मलावीच्या बाजूला गवताने शाकारलेल्या मातीच्या झोपड्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. समोर, रस्ता ओलांडला की, ओस पडलेली घरं आणि पडीक रानं. काहींना आपलं सोडून आलेलं शेत झोपडीच्या दारातून दिसायचं. जरा शांत वाटलं की माणसं दिवसाउजेडी पलीकडे जाऊन थोडी पेरणी, थोडी काढणी करत आणि अंधार पडायच्या आत अलीकडे येत.

मोझांबिकमधलं यादवी युद्ध १९९२ मध्ये संपलं तेव्हा देशाचे सुमारे १७ लाख लोक परदेशात होते. त्यातले ११ लाख एकट्या मलावीत, म्हणजे त्या गरीब देशात दर दहा माणसांमागे एक निर्वासित. न्सांजे जिल्ह्यात तर स्थानिकांपेक्षा पाहुणेच जास्त झाले होते. देशातल्या देशात विस्थापित झालेले ४० लाखांच्या घरात होते आणि युद्धात व त्यासोबतच्या उपासमारीत मेलेल्यांचा अंदाज १० लाखांचा आहे.

हे युद्ध समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. मोझांबिक ही पोर्तुगालची वसाहत. १७५२ पर्यंत तिचा कारभार गोव्यातून चालायचा, आणि पुढेही गोवेकर कारकून, शिक्षक, व्यापारी तिथे जातच राहिले. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला आणि सत्ता स्वातंत्र्यलढा लढलेल्या फ्रेलिमो या संघटनेकडे आली. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या राजवटीला हा कृष्णवर्णीय, मार्क्सवादी शेजारी परवडणारा नव्हता. तिच्या गुप्तचर खात्याने फ्रेलिमोवर नाराज असलेल्यांना हाताशी धरून रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं, तेव्हा रेनामोचं पालकत्व दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराकडे गेलं.

पण सगळा दोष बाहेरच्यांच्या माथी मारून चालणार नाही. फ्रेलिमोने गावोगावच्या पारंपरिक मुखियांना, रेगुलूंना, पदावरून काढलं आणि विखुरलेल्या वस्त्यांना ओढून सामुदायिक खेड्यांत बसवलं. पूर्वजांच्या थडग्यांपासून तोडलेल्या शेतकऱ्यांचा राग रेनामोला आयता मिळाला. तिने मात्र त्या रागाचं जे केलं ते भयंकर होतं. शाळा, दवाखाने, रेल्वे हीच तिची लक्ष्यं, आणि पळवून नेलेली पोरं तिचे सैनिक. १९८८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी रॉबर्ट गर्सनी यांनी निर्वासितांच्या मुलाखती घेतल्या. रेनामोच्या हातून किमान एक लाख नागरिक मारले गेले असावेत असा निष्कर्ष त्यांनी मांडला, आणि वॉशिंग्टनमधली रेनामोची वकिली थंडावली.

राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल १९ ऑक्टोबर १९८६ ला विमान अपघातात गेले. त्याच विमानात बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा होते: पत्रकार, राजधानी मापुतोतल्या आफ्रिकी अभ्यास केंद्राचे प्रमुख आणि माशेल यांचे विश्वासू सल्लागार. गोव्याबाहेर मराठीत त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

छावण्यांतल्या मदतीची एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. निर्वासितांच्या शिध्यात मुख्य धान्य मका. त्याचं पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा, न्सिमा, हेच तिथलं जेवण. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण अशा रूपात की शरीराला ते जवळजवळ लागू पडत नाही. ती उणीव शिध्यातले शेंगदाणे भरून काढत. मग शेंगदाण्यांचा पुरवठा काही महिने खंडित झाला, आणि १९९० मध्ये मलावीतल्या निर्वासितांमध्ये पेलाग्राचे सुमारे १८ हजार रुग्ण निघाले. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती, हातांवर काळपट चट्टे उठतात, हगवण लागते, पुढे भ्रम होतो. आपल्याकडेही दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याचा कसून अभ्यास केला आहे. म्हणजे ज्ञान होतं, शेंगदाणेही जगात होते. फक्त ते वेळेवर छावणीत पोचले नाहीत. ज्यांच्या परड्यात भाजीपाला होता किंवा जे शेंगा पिकवत, विकत घेत, ते बऱ्यापैकी बचावले. माणसाला आपलं अन्न स्वतः मिळवायला थोडी जरी वाट ठेवली तरी केवढा फरक पडतो, हे इथे दिसलं होतं.

१९९१-९२ मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात मोठा दुष्काळ पडला. दोन्ही सैन्यांना खायला मिळेना. तोवर शीतयुद्ध संपलं होतं आणि दोघांचेही पाठीराखे हात आखडते घेत होते. रोममध्ये सांत एजिदियो या कॅथलिक संघटनेने आणि बैराचे आर्चबिशप जैमी गोन्साल्विस यांनी दोन वर्षांहून अधिक काळ बोलणी रेटली आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला राष्ट्राध्यक्ष जोआकिम चिसानो व रेनामोचे नेते अफोन्सो ध्लाकामा यांनी शांतता करारावर सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्यात भारतीय लष्कराच्या इंजिनिअर आणि पुरवठा तुकड्याही होत्या.

आता निर्वासितांना परत आणायचं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने सहा शेजारी देशांतून लोक आणण्याचा आराखडा केला. आफ्रिकेत इतकं मोठं काम तिने आधी केलं नव्हतं. ट्रक, बस, रेल्वे, वाटेतले मुक्कामतळ, सगळं कागदावर आलं. प्रत्यक्षात १७ लाखांपैकी चार लाखांहूनही कमी लोक संस्थेच्या वाहनांतून आले. बाकीचे आपले आपण परतले: पायी, सायकलीवर, डोक्यावर छपराची लाकडं आणि दाराची चौकट घेऊन.

तेही एकदम नाही. घरातला कर्ता पुरुष किंवा मोठा मुलगा आधी जायचा, रान साफ करायचा, झोपडी उभारायचा, पावसाच्या तोंडावर मका टोचायचा. बायको, लहान मुलं आणि रेशनकार्ड मागे छावणीत. पहिलं पीक हाती येईपर्यंत कार्डावरचा मका दोन्हीकडची चूल पेटती ठेवायचा. अधिकाऱ्यांच्या नोंदवहीत ही अनियमितता होती. घरातल्यांच्या हिशेबात, माझ्या मते, हाच सगळ्यात शहाणा विमा होता. ऑक्टोबरात पाऊस सुरू व्हायच्या आत पोचलं नाही तर वर्ष वाया, हे कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हणून मदतीचा खरा उपयोग झाला तो लोक पोचल्यावर. बियाणं, कुदळ, कोयता आणि पीक येईपर्यंतचं धान्य. जागतिक अन्न कार्यक्रमाने धान्य पुरवलं. निर्वासित संस्थेने झटपट पुरे होणारे छोटे प्रकल्प हाती घेतले: विहिरी, शाळेच्या खोल्या, आरोग्य केंद्रं, रस्त्यांचे तुकडे. ही पद्धत तिने आधी निकाराग्वात वापरली होती, मोझांबिकमध्ये असे १५०० हून जास्त प्रकल्प झाले. विशेष म्हणजे विहीर फक्त परतलेल्यांची नव्हती. युद्धभर गावातच तग धरून राहिलेल्यांचे हालही तितकेच झाले होते, आणि छावणीतून येणाऱ्याला बियाणं व त्यांना काहीच नाही असं झालं असतं तर भांडणाला दुसरं निमित्त लागलं नसतं. पण खोल्या बांधणं सोपं होतं, त्यात शिक्षक बसवणं आणि दर महिन्याला त्याचा पगार काढणं अवघड. १९९६ मध्ये कार्यक्रम आवरला, तेव्हा ती जबाबदारी खंक झालेल्या सरकारकडे गेली.

रस्त्यांवर आणि पाणवठ्यांवर सुरुंग पेरलेले होते. सुरुवातीला २० लाख सुरुंगांचा आकडा सांगितला जायचा. तो फारच फुगवलेला निघाला, पण भीतीचा परिणाम खऱ्या आकड्याइतकाच होता. एका पाऊलवाटेवर एकच सुरुंग आहे अशी नुसती कुजबूज असली तरी ती वाट आणि तिच्या टोकाचं शेत बंद. हॅलो ट्रस्टने २२ वर्षांत सुमारे १ लाख ७१ हजार सुरुंग काढले. टांझानियात शिकवलेल्या मोठ्या उंदरांनीही वास घेऊन काही जमीन मोकळी करून दिली. सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला, म्हणजे परतीचा कार्यक्रम संपल्यावर १९ वर्षांनी.

दक्षिण आफ्रिकेत गेलेल्यांची कथा वेगळी. क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून, सिंहांच्या वाटेने पळालेल्या या लोकांना तिथल्या वर्णद्वेषी सरकारने निर्वासित मानलंच नाही. १९९३ मध्ये मान्यता मिळाली, पण तोवर मुलं तिथेच वाढली होती. अधिकृत कार्यक्रमातून जेमतेम ३० हजारांच्या आसपास लोक परतले.

राहता राहिली जमीन. मोझांबिकमध्ये सातबारा नव्हताच. स्वातंत्र्यानंतर सगळी जमीन सरकारची झाली होती आणि शांतता येताच कंपन्या, जुने पोर्तुगीज मळेवाले आणि राजधानीतले वजनदार लोक मोठमोठे पट्टे मागू लागले. गावात मात्र कोणाचं रान कुठवर, हे म्हातारी माणसं आणि पदावरून काढलेले तेच रेगुलू सांगत होते. आंब्याचं झाड, थडगं, ओढ्याचं वळण या त्यांच्या खुणा. भारतातल्या कोणत्याही महसूल कचेरीत अशी साक्ष टेबलाच्या पलीकडे सरकली नसती. १९९७ च्या जमीन कायद्याने ती ग्राह्य धरली: रूढीने किंवा दहा वर्षं सचोटीने कसलेल्या जमिनीवर कागदाविनाही हक्क, आणि पुरावा म्हणून गावातल्या स्त्री-पुरुषांची तोंडी साक्ष. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, पण तोवर बहुतेक गावांनी आपसात वाटण्या उरकल्या होत्या.

२०१६ मध्ये सरकार आणि रेनामो यांच्यात पुन्हा चकमकी झडल्या, तेव्हा तेतेतले हजारो लोक मलावीतल्या कापिसेत पोचले आणि मलावीने लुवानीची बंद पडलेली जुनी छावणी परत उघडली. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात पुन्हा दहा हजारांहून जास्त लोक सीमा ओलांडून गेले. या वेळी त्यांनी गाठला तो न्सांजे जिल्हा.