इंटरनॅशनल स्टडीजचं सर्टिफिकेट: अमेरिकेत पदवीला जाताय? मग भाषा आधी ठरवा

अमेरिकेत इंजिनिअरिंग किंवा अर्थशास्त्र शिकताना सोबत इंटरनॅशनल स्टडीजचं सर्टिफिकेट घ्यावं का, असं बारावीनंतर तिकडे जाणारी बरीच मुलं विचारतात. जरूर घ्यावं. फक्त ते काय आहे हे नीट समजून घ्या.

पदवीच्या पातळीवर हे सर्टिफिकेट, म्हणजे जगाच्या किंवा एखाद्या प्रदेशाच्या अभ्यासाच्या ठरावीक विषयांचा गट, सहसा चालू पदवीला जोडूनच मिळतं. पिट्सबर्ग विद्यापीठात ग्लोबल स्टडीजचं सर्टिफिकेट आहे, शिवाय आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका या प्रदेशांच्या अभ्यासाचीही आहेत. राज्यशास्त्राची मुलं हे घेतातच, पण पुढे सार्वजनिक आरोग्य, पत्रकारिता, परदेशी व्यापार किंवा स्वयंसेवी संस्थांत काम करायचं आहे अशांनाही ते उपयोगी पडतं. भारतीय परराष्ट्र सेवेसाठी मात्र याची गरज नाही. तिथला रस्ता यूपीएससीचा, आणि त्याला पदवी लागते.

सर्टिफिकेटसाठी वेगळा व्हिसाही नसतो. पदवीला प्रवेश मिळाला की विद्यापीठ आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, पाठवतं. मग 350 डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं), डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि वकिलातीत मुलाखत. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि खर्चाच्या तरतुदीचे कागद लागतात ते याच टप्प्यावर. पूर्णपणे ऑनलाइन सर्टिफिकेटवर एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, तेव्हा कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

सर्टिफिकेटचा अर्ज करायचा तो तिथे पोचल्यावर, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या आत. विद्यापीठातल्या ज्या केंद्राचं ते सर्टिफिकेट आहे तिथल्या सल्लागाराला भेटायचं, फॉर्म भरायचा, सोबत तोवरचं ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाची गुणपत्रिका) आणि कोणत्या सत्रात कोणता विषय घेणार याचा तक्ता द्यायचा. साधारण 15 ते 18 क्रेडिट (अभ्यासाचं वजन मोजायचं एकक), म्हणजे पाच-सहा विषय होतात. त्यातले काही पदवीच्या 120 क्रेडिटमध्येही धरले जातात. किती, ते सल्लागाराकडून ईमेलवर लिहून घ्या.

घोडं अडतं ते भाषेपाशी. बहुतेक ठिकाणी परकी भाषा ठरावीक पातळीपर्यंत यावी लागते आणि तिथवर पोचायला अनेकदा चार सत्रं लागतात. एकामागून एकच. पहिलं सत्र झाल्याशिवाय दुसऱ्यात बसता येत नाही. माझ्या भाचीने तिसऱ्या वर्षी स्पॅनिश सुरू केलं. व्हिडिओ कॉलवर तिने तक्ता दाखवला, तेव्हा बाकी सगळ्या रकान्यांवर हिरव्या खुणा होत्या आणि शेवटच्या सत्रात प्रयोगशाळा आणि स्पॅनिश एकाच वेळेला. सर्टिफिकेट सोडावं लागलं. पाच विषय पूर्ण होऊनही.

म्हणून भाषा पहिल्याच सत्रात घ्या. शाळेत जर्मन किंवा फ्रेंच झालं असेल तर प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे भाषेची पातळी ठरवणारी चाचणी द्या, वरच्या पातळीला थेट प्रवेश मिळू शकतो. दक्षिण आशिया हा प्रदेश निवडणार असाल तर आपली हिंदी किंवा मराठी चालेल का, हेही आधीच विचारा. घरची भाषा म्हणून लाजू नका, ती तुमची खरी कमाई आहे.

एक गैरसमजही काढून टाका. शिक्षणानंतर अमेरिकेत काही काळ काम करण्याची परवानगी, म्हणजे ओपीटी, मुख्य विषयावर मिळते, या सर्टिफिकेटने ती वाढत नाही.

शेवटच्या सत्रात पदवीच्या अर्जासोबत सर्टिफिकेटचा अर्ज वेगळा भरावा लागतो का, ते विचारून घ्या. निकालानंतर ट्रान्सक्रिप्टवर त्याची नोंद आली आहे ना, हे मायदेशी परतण्यापूर्वी स्वतः तपासा.