बंद केलेली हार्मोनची गोळी परत सुरू करायची का?

मे महिन्यात फोंड्याला मावसबहिणीकडे राहिले होते. रात्री तीनला बघते तर ताई बाल्कनीत, गाऊन पाठीला चिकटलेला, पेपरची घडी करून वारा घेतेय. गोव्यात मेमध्ये घाम सगळ्यांनाच येतो म्हणा, पण हा वेगळा, छातीतून वाफ चढते, माणूस भिजतो आणि लगेच थंडी वाजते. 41व्या वर्षी तिची पिशवी काढली, ओव्हरीज पण गेल्या, दोन वर्षं इस्ट्रोजेनची गोळी घेतली आणि मग कॅन्सरचा कुठलासा फॉरवर्ड वाचून तिने परस्पर बंद केली. आता 45 चालू आहे. "परत सुरू करू काय गो?"

नेहमीची पाळी जाते तेव्हा हार्मोन काही वर्षं वरखाली होत हळूहळू उतरतात. दोन्ही ओव्हरीज काढल्या की इस्ट्रोजेन काही दिवसांतच धाडकन खाली, शिवाय टेस्टोस्टेरॉनही साधारण निम्मं जातं. नुसता घामच नाही, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून एवढ्या लवकर ओव्हरीज गेल्या आणि दुसरी काही अडचण नसेल तर निदान पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घ्या असं डॉक्टर सांगतात.

मग ती कॅन्सरची भीती आली कुठून? अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह म्हणून हार्मोनच्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली, तिचा एक भाग 2002मध्ये मधेच थांबवला, कारण ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला, वर्षाला 10,000 बायकांमागे साधारण 8 जास्त. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं 63, पिशवी शाबूत आणि इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिनही (प्रोजेस्टेरॉनसारखं बनवलेलं औषध) चालू. पिशवी काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तो भाग 2004मध्ये थांबला, त्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नव्हता, स्ट्रोक मात्र 10,000 मागे 12 जास्त होते. म्हणजे आमची ताई घाबरली ती भलत्याच बाईच्या आकड्यांना.

परत सुरू करताना मधे किती वर्षं गेली हे बघतात. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत असेल तर हिशोब बहुतेक फायद्याकडे झुकतो, नंतर रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या असतात. ताईची मधली दोनच वर्षं गेलीत. रक्ताच्या गुठळ्यांची भीती असेल तर गोळीपेक्षा पॅच किंवा जेल बरं, ते कातडीतून थेट रक्तात जातं, लिव्हरवरून आधी फिरत नाही. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असेल तर मात्र सहसा देत नाहीत. बीपी आणि मॅमोग्राम बघायचेच. आणि प्रोजेस्टेरॉन कशाला देतात तर पिशवीचं अस्तर वाढू नये म्हणून, पिशवीच नाही तर ते नको, असं मी ताईला अगदी ठासून सांगितलं.

मग म्हटलं डिस्चार्ज कार्ड काढ. दोन दिवस शोधलं, शेवटी चवथीच्या सामानाच्या ट्रंकेत, गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीच्या दोऱ्यांखाली सापडलं. आपल्याकडे बायका "पिशवी काढली" एवढंच सांगतात, ओव्हरी एक गेली की दोन्ही, कशासाठी गेल्या, काही पत्ता नसतो. ताई चार वर्षं फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठी, म्हणत होती. कार्डावर फायब्रॉइड होतंच, पण खाली दोन्ही बाजूंना चॉकलेट सिस्ट लिहिलेलं, म्हणजे एंडोमेट्रिओसिस. त्यात पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, ते पोटात इतरत्रही चिकटून राहिलेलं असू शकतं आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर परत वाढू शकतं, म्हणून अशांना पिशवी नसली तरी कधीकधी प्रोजेस्टेरॉन जोडतात. माझं ठासून सांगणं तिथेच राहिलं. कार्डाची झेरॉक्स काढून ताईच्या पर्समध्ये ठेवलीय, सोमवारी गायनॅककडे नंबर लावलाय.